मोजलेली तीज

मुलांनो, आधी मनात एक चित्र उभं करा.

तुमच्याकडं एकच वही आहे. पुढून उघडली की गणित, उलटी करून मागून उघडली की विज्ञान. त्या वहीत, विज्ञानाच्या बाजूला, तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आणि स्वतःच्या हातानं मोजून चार ओळी लिहिल्या आहेत. आता तुमचं भलं चिंतणारी माणसं एकेक करून येतात आणि सांगतात, ते पान फाड. रागावून नाही, समजावून सांगतात. रागावली असती तर तुम्ही रडून मोकळे झाला असता. समजावणाऱ्या माणसापुढं रडताही येत नाही.

चित्र उभं राहिलं? आता तुम्ही बाजूला व्हा आणि तुमच्या जागी हंसाला बसवा.

हंसा केळापूरजवळच्या एका तांड्यावरची. साल बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराचं. तिच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून सारा मुलूख पालथा घातला होता. आता तांडा एका जागी बसला होता आणि कापूस-ज्वारी पेरत होता. तांड्यावरून सातवीत पोचलेली हंसा पहिलीच मुलगी. गावची शाळा तिथंच संपत होती. पुढं शिकायचं तर यवतमाळच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळायला हवी, आणि त्या वर्षी शाळेतून एकाच मुलीचं नाव जाणार होतं.

नाव सुचवणार होते दिपोटी साहेब. म्हणजे शाळा तपासायला येणारे अधिकारी. ते वह्या पाहत, दोन-चार प्रश्न विचारत आणि मगच नाव लिहीत. मुलगी तांड्यावरची असली तर ते नायकालाही विचारणार, पोरीला पाठवणार ना? नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. त्यानं मान हलवल्याशिवाय तांड्याची मुलगी परगावी राहायला गेली, असं आजवर झालं नव्हतं.

हंसाचा बाप पूनमसिंग. त्याचं म्हणणं एका दमात संपायचं.

"नाव लागलं तं जाय. नाई लागलं तं होळीनंतर पाहुणे पाहाले येतेत."

शाळेत गणित आणि विज्ञान दोन्ही शिकवायला वामनराव गुरुजी होते. जूनमध्ये पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं होतं, "डोळ्यांना दिसेल ते वहीत लिहायचं. आणि 'मोठं झालं', 'बारीक झालं' असलं काही लिहायचं नाही. किती मोठं? फूटपट्टी कशाला आहे, पाठ खाजवायला?" मुलं हसली होती. हंसानं मात्र ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं, पाठ खाजवण्यासकट.

श्रावणात गुरुजींनी प्रयोग लावला. डालड्याच्या दोन रिकाम्या डब्यांत गहू पेरले. एक डबा व्हरांड्यात ठेवला, दुसरा कपाटात. रोपाला उजेड लागतो की नाही, ते पाहायचं होतं. पण कपाटाची किल्ली गुरुजींच्या खिशात, आणि गुरुजींना मध्येच सरकारी कामासाठी पांढरकवड्याला बोलावलं. ते आले तोवर कपाटातल्या डब्याला कोणी पाणी घातलं नव्हतं. दाणे जरासे फुटून तिथंच वाळले होते. गुरुजींनी डब्यात डोकावून पाहिलं, पुस्तकातला धडा पाहिला आणि फळ्यावर लिहिलं, 'अंधारातील रोप वाढले नाही.' सगळ्यांनी उतरवून घेतलं.

हंसानं उतरवलं नाही. तिच्या वहीत त्या जागी आधीच दुसरं काही लिहिलेलं होतं.

झालं होतं ते असं. त्याच दिवसांत तांड्यावर तीज पेरली होती. लग्न न झालेल्या मुली बांबूच्या दुरड्यांत खत-माती भरून गहू पेरतात, रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात आणि शेवटी वाजतगाजत तिची बोळवण करतात. त्या कोवळ्या रोपांना तीज म्हणतात. दुरड्या नायकाच्या घरी, आतल्या खोलीत होत्या. तिथं खिडकी नव्हती. हंसाच्या मुठीत पेरून उरलेले थोडे गहू होते. तिनं ते फुटक्या मडक्यात पेरून घराबाहेर उन्हात ठेवले. गहू तेच, माती तीच, पाणीही एकाच विहिरीचं.

एके दिवशी ती फूटपट्टी घेऊन आतल्या खोलीत गेली. तीज चार इंच वाढली होती. रंग पिवळा, अंग नाजूक, माना वर ताणलेल्या. बाहेर मडक्यातलं रोप अडीच इंच होतं, हिरवं आणि जाड. हंसाला वाटलं होतं त्याच्या हे उलटच निघालं. तिनं पट्टी पुन्हा लावली. तेवढ्यात दारात नायकाची बायको सुखीबाई पाण्याची कळशी घेऊन उभी राहिली. तांड्यात बोलणं गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत चाले, मी आपल्या बोलीत सांगतो.

"काय करून राह्यली व?"

"मोजून राह्यली."

"काय?"

"तीज."

सुखीबाईनं कळशी खाली ठेवली. "तुहा बाप खळ्यावर रास पडली की तिच्यावर पहिले कापड टाकते, ठाव हाय? वाढत्या लेकराले कोणी मोजत नाई, वाढत्या धान्याले मोजत नाई. मोजलं की वाढ खुंटते. अन् तू तीजेले पट्टी लावली?"

"नायकण, मी नुसतं..."

"नुसतं काय? ही काय तुह्या एकटीची हाय? साऱ्या पोरीइची तीज हाय अथी."

सुखीबाई ओरडली नाही. पण दुपारपर्यंत साऱ्या तांड्याला कळलं होतं. मुली विहिरीवर हंसाला पाहून कळश्या पुढं सरकवू लागल्या. तिची आई, तिला ती याडी म्हणायची, दिवसभर तिच्याकडं पाठ करून वावरली. फक्त भाकरी थापताना एकदा म्हणाली, "वाढू दे व माय ते गहू."

हंसाला खरंच भीती वाटली. वाढ खुंटली तर? सगळ्याच दुरड्यांची खुंटली तर? दुसऱ्या दिवशी उजाडताच, सुखीबाई विहिरीवर गेलेली पाहून, ती आतल्या खोलीत गेली. काल मोजलेल्या रोपाला तिनं ओढणीचा लाल दोरा बांधून ठेवला होता. त्याला पुन्हा पट्टी लावली. रोप पाऊण इंच वर गेलं होतं. तिचा जीव भांड्यात पडला आणि घरी येऊन तिनं वहीत लिहिलं:

'अंधारातली तीज चार इंच, रंग पिवळा. उन्हातलं रोप अडीच इंच, रंग हिरवा. मोजलं म्हणून वाढ थांबते का ते पाहिलं. थांबली नाही, पाऊण इंच वाढली.'

टाक दौतीत बुडवून लिहिलेलं. पुसलं जाणार नाही असं.

शाळेत तिच्या शेजारी पंचफुला बसायची. पंचफुलाच्या बापानं नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि घरातला देव्हारा रिकामा केला होता. तिनं ते पान वाचलं आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे मोजलेलं वाढलं. अन् न मोजलेलं किती वाढलं?"

"तेवढंच दिसते."

"दिसते कायले म्हणतं? गुरुजी काय म्हणते? मोज."

"मोजलं तं ते मोजलेलं होते ना."

पंचफुलानं थोडा विचार केला आणि ती तोंडावर पदर धरून हसू लागली. "म्हणजे फसली तू."

"फसली."

"आमच्या बाबानं सारे देव सोडले, पण आजी अजून पोळ्या मोजू देत नाई. मोजल्या की पुरत नाई म्हणते. तुह्या तांड्यावर अन् मह्या घरात काय फरक हाय मंग?"

हंसाही हसली. त्या आठवड्यात ती हसली ते तेवढंच.

कारण मधल्या सुट्टीत गुरुजींनी वह्या गोळा केल्या आणि हंसाची वही पाहून तिला व्हरांड्यात बोलावलं.

"हे कुठलं लिहिलंस?"

"तांड्यावरचं, गुरुजी. तीजेच्या दुरडीतलं."

"अगं, तीज हा तुमचा सण आहे. प्रयोग वेगळा."

"गहू तेच होते. दोन्हीकडं पाणी घातलं. आपल्या कपाटातल्या डब्याले पाणीच नव्हतं, गुरुजी."

वामनरावांनी चष्मा काढून धोतरानं पुसला. त्यांना ते माहीत होतं. माहीत नसतं तर त्यांचं बोलणं सोपं झालं असतं.

"मागल्या तपासणीत साहेबांनी माझ्यावर शेरा लिहिला," ते म्हणाले. "वह्यांत एकवाक्यता नाही. कोणी काही लिहितो, कोणी काही. माझी दूर जंगलात झरीकडं बदली व्हायची, कशीबशी टळली. घरी आई अंथरुणाला खिळलेली आहे, तिला घेऊन मी कुठं जाऊ? म्हणून आता फळ्यावर मी लिहितो आणि तुम्ही उतरवता. सगळ्यांच्या वहीत एक आणि तुझ्या वहीत दुसरं दिसलं, तर साहेब कोणाला तरी खोटं ठरवतील. मला ठरवलं तर माझं गेलं. तुला ठरवलं तर यवतमाळ गेलं."

"पण गुरुजी, दिसेल ते लिहा म्हणले होते तुम्ही."

"म्हटलं होतं." त्यांनी वही मिटून तिच्या हातात दिली. "पान काढून टाक, बेटा. तुझ्यासाठीच सांगतो."

संध्याकाळी नायक स्वतः पूनमसिंगाच्या दारी आला. धावजी नायक बाजेवर बसला, चहा प्याला, बैलांची चौकशी केली. मग हंसाला समोर बोलावलं.

"मोजलं ते मोजलं," तो म्हणाला. "लेकरू हाय, होते. पण लिवून ठेवलेलं वाईट. लिवलेलं राह्यलं तं मोजलेलं राह्यते. साहेब यायच्या आंधी ते पान काढ. साहेब मले विचारन, तं मी छाती ठोकून सांगतो, आमची पोरगी पाठवतो म्हणून."

"अन् नाई काढलं तं?" याडीनं आतून विचारलं.

"तं मी कोणत्या तोंडानं सांगू? बायका म्हणतीन, जिनं तीज मोजली तिलेच धाडलं. उद्या एखाद्या पोरीचं लगन मोडलं तं तेही हिच्याच पट्टीवर येईन."

"वाढ थांबली नाई, नायक," हंसा म्हणाली. "मी पाह्यलं."

"मी कुठं म्हणतो थांबली?" धावजी हसला. हसणं खरं होतं, त्यात राग नव्हता. "पण ज्याइले वाटते थांबली, त्याइले मी काय दाखवू? तुही वही? कोणाले वाचता येते अथी?"

पूनमसिंग मान खाली घालून बसला होता. तो फक्त एवढंच म्हणाला, "फाड. एक पान तं हाय."

शाळेला ते पान नको होतं, कारण ते पुस्तकाशी जुळत नव्हतं. तांड्याला ते नको होतं, कारण ते खरोखर घडलं होतं. हंसा मध्ये. सकाळी तिला शाळेत जावंसं वाटेना आणि घरी थांबवेना. वाटेत एका बांधावर बसून तिनं पान चिमटीत धरलं आणि ओढलं. शिवणीचा दोरा ताणला आणि पलीकडं गणितातलं त्याच शिवणीचं पान सुटू लागलं. त्यावर त्रैराशिकाचं उदाहरण होतं आणि गुरुजींचा लाल शाईतला 'शाबास'. तिनं दोन्ही पानं दाबून पुन्हा आत बसवली. रस्त्यावरून हैदराबादकडं जाणारे ट्रक धूळ उडवत गेले. हे ट्रकवाले बरे, असं तिला वाटलं. त्यांना एकच रस्ता, आणि तो पुढं जाणारा.

शाळेत पोचली तेव्हा तांड्याचं म्हणणं गुरुजींच्याही कानावर आलं होतं. त्यांनी तिच्या हातात कोरी वही ठेवली. जाड पुठ्ठ्याची, आखीव.

"भाच्यासाठी आणली होती. घे. यात सगळं विज्ञान नव्यानं सुवाच्य उतरव. त्या प्रयोगाच्या जागी फळ्यावरचं वाक्य लिही. तुझी जुनी वही तशीच राहू दे, गणितापुरती. काही फाडायला नको. तांड्यावर सांग की मोजलेलं आता शाळेत नाही. सगळ्यांचं समाधान."

खरंच सगळ्यांचं समाधान होतं. पंचफुलाही म्हणाली, "बाप्पा, गुरुजीनं डोकं लावलं. घे व, लिव."

हंसानं लिहायला घेतलं. पाण्याची तीन रूपं, लोहचुंबक, पानाचे भाग. अक्षर तिचं मुळातच चांगलं, नव्या कागदावर तर ते उठून दिसत होतं. एकेक पान भरत गेलं तसं तिच्या लक्षात आलं की आपण त्या जागेजवळ येतोय. ती हळू लिहू लागली. पानाच्या भागांची आकृती उगीच पुन्हा गिरवली. तरी ती जागा आलीच. तिनं टाक बुडवला आणि लिहिलं, 'अंधारातील रोप वाढले नाही.' शाई वाळेपर्यंत ती त्या ओळीकडं पाहत होती. ओळ सरळ होती, सुंदर होती. हात आपलाच होता आणि अक्षरही आपलंच. गुरुजींनी खाली सही केली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

तांड्यावर बातमी पोचली. सुखीबाईनं दोन दिवसांनी पहिल्यांदा तिला हाक मारून पाणी घालायला बोलावलं. याडी मोकळेपणानं बोलू लागली. विहिरीवर कळश्या पुन्हा जवळ आल्या. पूनमसिंगानं तर यवतमाळला जायला पत्र्याची पेटी लागेल, ती कोणाकडून मागायची, याचा विचारही सुरू केला. सारे सुटले होते. हंसाला मात्र आपण नायकाच्या त्या आतल्या खोलीत बसलोय आणि दार बाहेरून कोणीतरी मायेनं लावून घेतलंय, असं वाटत होतं.

तपासणीचा दिवस उजाडला. तीजेची बोळवण अजून व्हायची होती. शाळेपुढं रांगोळी काढली होती, फळा कोळशानं काळा केला होता. दिपोटी साहेब धुळीनं माखून आले, पाणी प्याले आणि खुर्चीवर बसले. शेजारच्या खुर्चीवर पांढरं पागोटं बांधून धावजी नायक. दाराशी गावातली आणि तांड्यावरची चार माणसं.

साहेब स्वभावानं शांत होते. एकेक वही उघडत, पाहत, बाजूला ठेवत. प्रत्येक वहीत तेच वाक्य, त्याच जागी. वामनराव भिंतीला टेकून उभे होते, त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत होता. हंसाच्या वहीशी साहेब थांबले.

"अक्षर फार छान आहे. नाव?"

"हंसा पूनमसिंग." ती उभी राहिली. गणिताची तपासणी नंतर होणार होती, म्हणून जुनी वही तिच्या हातातच होती.

"यवतमाळला शिकायला जाशील?"

हंसानं मान हलवली. साहेबांनी नायकाकडं पाहिलं.

"पाठवतो, साहेब," धावजी म्हणाला. "आमच्या तांड्याची हुशार पोरगी हाय."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि कागद पुढं ओढला. दाराशी उभ्या पूनमसिंगानं डोक्यावरचं मुंडासं नीट केलं. एवढ्यात साहेबांची नजर पुन्हा उघड्या वहीवर गेली. बहुधा सहजच. एकच वाक्य इतक्या वेळा वाचलं की माणसाला प्रश्न सुचतोच.

"वाढले नाही म्हणजे किती वाढले नाही?" ते म्हणाले. "मोजलं होतंस का तू?"

वामनरावांनी डोळे मिटले. नायक खुर्चीत जरा पुढं सरकला आणि हंसाकडं पाहू लागला. त्याच्या डोळ्यांत धमकी नव्हती, विनवणी होती. नाही म्हण, एवढंच.

नाही म्हणणं खोटंही नव्हतं. कपाटातला डबा तिनं मोजलाच नव्हता. साहेबांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. पंचफुलानं खालून तिची ओढणी ओढली. म्हण की, नाही. नाही म्हण.

"मोजलं होतं, साहेब," हंसा म्हणाली. "पण या वहीतलं नाई."

तिनं जुनी वही उघडली आणि ते पान काढलं. चारही ओळी मोठ्यानं वाचल्या, शाळेत धडा वाचतात तशा, अडखळत नाही आणि घाई करत नाही. साहेबांनी काही विचारायला तोंड उघडलं. ती थांबली नाही. बाकातून बाहेर आली, टेबलाला वळसा घालून धावजी नायकासमोर जाऊन उभी राहिली, आणि ज्याला वाचता येत नव्हतं त्याला तेच सगळं गोरबोलीत पहिल्यापासून सांगू लागली.